बाबांच्या पानातले धोंडे

अधिक महिना तीन वर्षांनी एकदाच येतो हे बरंय. दरवर्षी आला असता तर माझ्या बाबांचे दोन्ही पाय कधीच गेले असते.

हे मी रागात लिहितेय. राग जायची वाट बघत बसले तर लिहिणंच व्हायचं नाही.

बाबा टेम्पो चालवतात, मेहकरहून भाजीपाला भरून. त्यांना शुगर आहे आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे, होळीपासून भरतच नाही. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "गोड बंद करा, नाहीतर अंगठा काढावा लागेल." अंगठा गेल्यावर ब्रेक काय कोपराने दाबणार? त्याच दिवशी घरातल्या खाण्याचा ताबा मी घेतला. आईचं बाबांपुढे चालत नाही. माझं चालतं, हे मला दहावीत गेल्यावर कळलं. साखरेचा डबा शेजारच्या सबीहाचाचींना देऊन टाकला. भाकरी, मेथी, काकडी, फिका चहा. चहाचा कप बघून बाबा असं तोंड करायचे जसं काही घरात मयत झालीय. पण प्यायचे. जखम कडेकडेनं सुकायला लागली होती.

आणि आईच्या माहेराहून, धाड गावाहून कुलदीपमामाचा फोन आला, "भाऊजी, धोंड्याचा महिना हाय. जेवाले या."

या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला अनारसे द्यायचे, धोंडे खाऊ घालायचे. कणकेत पुरण भरून उकडलेले गोळे, ते फोडून वर तूप, तेही वाटीनं. मी म्हटलं, जायचं नाही. आई म्हणाली, "माह्या माहेरचा मान हाय, प्रतीक्षा." बाबा म्हणाले, "मानापुरता एक खातो ना मी. एकच."

एसटीत तेच म्हणाले. मामाच्या दारात चपला काढतानाही तेच म्हणाले. चपला काढल्या, पण मोजे तसेच. मे महिन्यात मोजे! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मामानं गल्लीतली माणसंही जेवायला बोलावली होती. बाबांच्या पाटाभोवती रांगोळी, पानात पाच धोंडे, बाजूला अनारशांचं ताट. बाबांनी पहिला फोडला. वाफ आली, वेलचीचा वास आला. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? बाबांनी डोळे मिटून घास घेतला. एक संपला. दुसरा संपला.

"बाबा," मी म्हटलं.

"बस, बस, कुलदीप," बाबा लगेच म्हणाले.

मामा हसला. "जावाई बस म्हणते म्हणजे अजून पाह्यजे! वाढा वं!"

"मामा, त्यायले खरंच चालत नाही. शुगर हाय."

"अवं, साखर कुठं हाय याच्यात? गूळ हाय पुरणात, घरचा. गुळानं काही होत नाही."

पंगतीतले भाऊराव नावाचे काका म्हणाले, "पोरगी डॉक्टरीण झाली काय बे, कुलदीप?" सगळे हसले. बाबाही हसले. तिकडे मामानं आणखी दोन धोंडे टाकले, त्यावर तूप ओतलं. बाबांनी हात आडवा धरला होता. कुठे, तर पानाच्या पार कडेला, बोटं फाकवून. मधे वाढायला सरळ रस्ता!

मग माझं डोकं फिरलं. इतका वेळ मी मामावर चिडले होते. मामा बिचारा त्याच्या रीतीनं वागत होता. बाबांचं ते 'बस, बस' मला ऐकवायला होतं. पोरगी समोर बसलीय, म्हणून.

मी उठले आणि बाबांच्या पायाशी वाकले. लोकांना वाटलं नारायणाच्या पाया पडतेय. "वा, संस्कार हायेत," कोणीतरी म्हणालं. मी उजवा मोजा ओढून काढला.

पट्टी पिवळी झाली होती. वास आला. भाऊरावकाकांचा घास हातातच राहिला.

"हे काय हो, जावाईबापू?" सत्यभामाआजी, आईची आई, स्वयंपाकघरातून पुढे आली. "तुमी तर म्हणले नख लागलं."

"नखच लागलं," बाबा म्हणाले.

"डॉक्टर अंगठा काढतो म्हणते, आजी," मी म्हटलं. "आणखी वाढता काय?"

आजीनं खाली वाकून बाबांसमोरचं पान उचललं. अधिक महिन्यात जावयाचं भरलं पान उचललं! मामा "आये, आये" करत राहिला.

बाबा ताडकन उठले आणि लंगडत अंगणात गेले. मी मागे गेले.

"चार माणसांत मोजा काढाची काय गरज होती? इज्जत हाय का नाही मले?"

"तुमी काऊन घातला होता?"

"जावाई हावो मी इथं! पेशंट म्हणून येऊ काय?" त्यांचा आवाज चढला. "तुले काय माहीत, मन कसं मारा लागते ते. भाकरी, भाकरी, भाकरी! रोज टेम्पोत बसलो का जिलेबीचा वास येते. थांबतो मी मंग. थांबतोच!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, काय बोललो ते.

"रोज?" मी विचारलं.

ते नळाकडे बघायला लागले. मला रडू आलं नाही. इतका राग आला की रडायला जागाच नव्हती. मी घरी कपात चिमूटभर साखर जाऊ देत नव्हते आणि हा माणूस रोज रस्त्यावर थांबत होता!

"मले वाटलं जखम तरी सुकून राह्यली," मी म्हटलं.

"वरूनच सुकली. आतून ठणकते." ते अंगणातल्या दगडावर बसले, पाय उघडाच. मग खाली बघत म्हणाले, "सोमवारी दवाखान्यात तू चाल. तुई आई असली का मी डॉक्टरले खोटं सांगतो."

"मी आली तर जिलेबीचंही सांगीन."

"सांग."

"सगळं सांगीन. रोजचं."

"सांग म्हटलं ना!" ते ओरडलेच.

मीही तेवढ्याच जोरात ओरडले, "येईन!"