घटीचे तीन कांदे

"ह्यांच्या कांद्यात शिसं भरलंय की काय, देव जाणे," स्टोफल माझ्या मानेमागे पुटपुटला. मला ऐकू जावं म्हणून नव्हे, आणि जाऊ नये म्हणूनही नव्हे. कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही दोघं एकामागे एक उभे होतो. त्याच्या जॅकेटला डिझेलचा आणि ओल्या कुत्र्याचा वास येत होता. बाहेर आवारात त्याचा ट्रक, ट्रकवर पांढरा कंटेनर, आणि कंटेनरात आमच्या अकराशे वीस गोण्या. मंगळवारी त्यानेच त्या अँटवर्पच्या धक्क्यावर नेल्या आणि त्याच दिवशी परत आणल्या. बुधवारी दुसऱ्या कंटेनरातून नेल्या. आज गुरुवार, आणि हा परत दारात.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणणार काय? क्रेननं उचलला, तोलला, बाजूला ठेवला. माल एकोणतीस हजार किलोच्या वर चालत नाही. तुमचा भरला एकोणतीस हजार एकशे वीस. कागदावर लिहिलाय अठ्ठावीस हजार पाचशे साठ." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "जास्त वजनाचा दंड, खोट्या आकड्याचा दंड, उतरवून ठेवल्याचं भाडं. आणि त्या केबिनमधली पोरगी मला विचारते, तुमच्याकडे गणित शिकवतात का? मी म्हटलं, सही योबिनाची आहे, तिला विचार."

सही माझीच होती. कांद्याच्या धंद्यात मी लग्न करून आले. शाळा लवकर सुटली होती, ही कागदपत्रं मी घरी ओट्यावर पसरून, चुकत चुकत, शिकले. भरलेल्या कंटेनरचं वजन जहाजवाल्यांना आधी सही करून कळवावं लागतं, कारण जहाजावर कुठला डबा खाली ठेवायचा आणि कुठला वर, ते त्या आकड्यावर ठरतं. आकडा खोटा निघाला तर दोष सही करणाऱ्याचा. बावीस वर्षांत माझा आकडा कुणी परत केला नव्हता. ह्या आठवड्यात दोनदा.

मंगळवारी आम्ही कंटेनरला दोष दिला. त्याच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन चुकीचं असणार, असं माझा नवरा मारीन म्हणाला, आणि आम्ही कंटेनर बदलला. वर कांदा ओला असेल म्हणून रात्रभर पंखे लावून वाळवला. दहा गोण्या काढून टाकाव्यात तर तेही जमत नव्हतं. रोगतपासणीचा दाखला अकराशे वीस गोण्यांचा, कस्टमचे कागद तेवढ्याचेच, आफ्रिकेतल्या आबिजानचा व्यापारीही तेवढ्याच मोजून घेणार. नवा दाखला सोमवारच्या आत मिळत नाही आणि जहाज शनिवारी सुटतं.

खरं सांगायचं तर घोडं कुठे पेंड खातंय ते मला मंगळवारीच ठाऊक होतं. मारीनला माहीत होतं. गोण्या रचणाऱ्या हालिनालाही माहीत होतं, आणि ती पोलंडहून येऊन चारच वर्षं झाली आहेत. ठाऊक नव्हतं ते फक्त लेंडर्टला, माझ्या थोरल्या दिराला.

कांदा बोटीवर वाळतो. आमच्या झीलंडहून निघालेली पंचवीस किलोची गोणी तिकडे आफ्रिकेत साडेचोवीस भरते. म्हणून माझे सासरे प्रत्येक गोणीत अर्धा किलो घटीचा घालायचे. काट्यावर पंचवीस झाले की हातानं वरून तीन कांदे. तिकडच्या माणसानं गोणी उघडली की त्याला पंचवीस मिळाले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. ते गेल्यावर ते तीन कांदे लेंडर्टच्या हाती आले. एकोणचाळीस वर्षं तो काट्याच्या तोंडाशी उभा आहे. डावीकडे कांद्यांची टोपली, उजवीकडे शिवण्याचं यंत्र, मध्ये लेंडर्ट. त्याचा हात बघितला तर वाटावं, तो कांदा टाकत नाही, पाहुण्याला आग्रहानं वाढतोय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवा काटा बसवला. तो आपला आपण भरतो, तोलतो, छापतो. बसवणाऱ्या माणसानं विचारलं, घट किती धरता? मारीन म्हणाला अर्धा किलो. त्या माणसानं साडेपंचवीस लावून दिलं आणि निघून गेला. म्हणजे घटीचे कांदे काटाच घालतो. टोपली तिथेच राहिली.

काटा बसवला त्याच्या आदल्या महिन्यात लेंडर्टची बायको टोना गेली होती.

आता त्याला कुणी सांगायचं? मारीन म्हणाला, सांगू पुढच्या आठवड्यात. मग म्हणाला, हंगाम संपल्यावर. मग तो म्हणायचाच थांबला. लेंडर्ट रोज पहाटे साडेपाचला येत होता, टोपली भरून घेत होता, प्रत्येक गोणीत तीन कांदे घालत होता. गोणी सव्वीस किलोची होत होती. तेव्हा आम्ही एका कंटेनरात एक हजार ऐंशीच गोण्या भरायचो, मर्यादेच्या बऱ्याच आत, त्यामुळे धक्क्यावर कुणी ढुंकून बघितलं नाही. माझ्या कागदावर काट्यानं छापलेला आकडा, कंटेनरात दुसराच. मी दोन वर्षं डोळे उघडे ठेवून त्याच्यावर सही केली. ह्या वर्षी व्यापाऱ्यानं चाळीस गोण्या वाढवून मागितल्या, आणि संपलं.

मी स्टोफलचा कागद घेऊन मारीनकडे गेले. तो शेडच्या मागे उगाच एक पट्टा तपासत होता.

"परत आला," मी म्हटलं.

"दिसला."

"पाचशे साठ जास्त."

"ओलावा असेल."

"मारीन."

"बरं." त्यानं पाना खिशात घातला. "जेवणाच्या सुट्टीत काटा पंचवीसवर आणतो, गोण्या ओतून पुन्हा भरू. त्याचे तीन कांदे धरून साडेपंचवीस होतील. कुणाला काही सांगायला नको."

"आणि मी कागदावर काय लिहू? काटा छापणार अठ्ठावीस हजार. कंटेनरात असणार पाचशे साठ जास्त. म्हणजे पुन्हा खोटी सही."

"मग भरलेला ट्रक साखरेच्या बीटवाल्यांच्या मोठ्या काट्यावर तोलून आणू. वीस मिनिटं लागतात."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि तो कांदे मोजून टाकतो असं वाटतं तुला? डोळ्यानं टाकतो. गोणी जरा सैल दिसली तर चार टाकेल. पाच टाकेल." माझा आवाज चढत होता. "एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा भावाशी दोन शब्द बोल ना."

"तू बोल. तुझं ऐकतो तो."

"भाऊ तुझा आहे."

"सही तुझी आहे," मारीन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून लगेच खाली बघायला लागला.

चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्या वाढदिवसाला दरवर्षी तेच एक वाक्य बोलतो आणि तेही मित्राला म्हणावं तसं. त्याचं सगळं प्रेम पंक्चर काढून देण्यात आणि गाडीत पेट्रोल भरून ठेवण्यात जातं. त्याला भावाशी बोल म्हणणं म्हणजे कंटेनरला नाच म्हणण्यासारखं. पण माझा वैतागही त्या सकाळी मर्यादेच्या एकशे वीस किलो वर गेला होता.

साडेनऊला सगळे कॉफीला बसलो. हालिनानं येताना बेकरीतून बोलस आणले होते, दालचिनीचे, बोटांना चिकटणारे. स्टोफललाही बसवून घेतलं, त्याला दुसरीकडे जायलाही जागा नव्हती. लेंडर्ट शेवटी आला. हात धुऊन, टोपी काढून, नेहमीच्या खुर्चीवर. उंच, वाकलेला, बाहीवर कांद्याची सालं.

"स्टोफल, पुन्हा तू?" तो म्हणाला. "इकडेच राहायला ये आता. वरची खोली रिकामी आहे."

"भाडं कांद्यात देईन," स्टोफल म्हणाला. "तुमचे जड असतात."

हालिना खोकली. मारीननं बोलस मोडला आणि खाल्ला नाही.

"जड म्हणजे काय?" लेंडर्टनं विचारलं.

"काही नाही," मारीन म्हणाला. "त्यांची क्रेन नवी आहे. बरोबर लावलेली नसेल."

"मंगळवारी तू कंटेनर म्हणालास."

"कंटेनरही असेल."

"गोण्यांखालच्या लाकडी फळ्या पाणी पितात," हालिना म्हणाली. आमच्या कंटेनरात एकही फळी नसते, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. स्टोफल तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग कपात. आम्ही तिघं धडधाकट माणसं एका टेबलाशी बसून कोंबडं झाकून ठेवत होतो.

"मी सांगू का काय झालंय?" लेंडर्ट म्हणाला.

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"गोण्या. गोण्या आखूड यायला लागल्यात. दोन वर्षं मी बघतोय. पूर्वी तीन कांदे टाकले तरी वर वीतभर जाळी मोकळी राहायची. आता तोंड शिवायला घेतलं की कांदा वर येतो, दाबून दाबून शिवावं लागतं. तो गोण्यावाला आपल्याला फसवतोय. मारीन, त्याला फोन कर."

मारीन म्हणाला, "करतो."

हे मात्र मला गिळवेना. त्या बिचाऱ्या गोणीवाल्याचा ह्यात काय संबंध? आज गोणीवाल्याला फोन, उद्या आणखी कुणाला. मी कप खाली ठेवला. माझ्या हाताला बोलस चिकटला होता, त्यामुळे कप बोटांबरोबर परत वर आला आणि थोडी कॉफी सांडली. मी ती पुसत राहिले, कारण तेवढ्यात लेंडर्ट टेबलावर बोटानं हिशोब करायला लागला होता. त्याचं तोंडी गणित पहिल्यापासून पक्कं.

"पंचवीस काट्याचे, अर्धा माझा. अकराशे वीस गोण्या. अठ्ठावीस हजार पाचशे साठ. एकोणतीस हजारांच्या आत. बरोबर आहे की." तो माझ्याकडे वळला. "ते जास्तीचं किती म्हणाले?"

"पाचशे साठ," मी म्हटलं.

"पाचशे साठ." त्याचं बोट थांबलं. मग पुन्हा सावकाश फिरलं. "अकराशे वीसला अर्धा अर्धा. अगदी बरोबर पाचशे साठ. म्हणजे अर्धा किलो दोनदा पडलाय." त्यानं धाकट्या भावाकडे बघितलं. "मारीन, काटा किती देतो?"

"ओलाव्यावर अवलंबून असतं ते," मारीन म्हणाला.

"काटा किती देतो, योबिना?"

"साडेपंचवीस," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"बसवला त्या दिवसापासून."

स्टोफल उठला, ट्रक बघतो म्हणाला आणि पुन्हा बसला. लेंडर्टनं बाहीवरचं एक साल काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेला माणूस पाटी वाचतो तसा तो आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

हालिनानं होकारार्थी मान हलवली. मीही हलवली.

"आणि मी रोज पहाटे येऊन टोपली भरतोय." तो थांबला. "घट काटा घालतो, वजन काटा करतो, आकडा काटा छापतो. मग मी तिथे दोन वर्षं काय करतोय? मारीन, तुला विचारतोय."

मारीनचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता क्रेन येईल, फळ्या येतील, गोणीवाला येईल. मी तोंड उघडलं, पण त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि भावाकडे न बघता, समोरच्या मोडलेल्या बोलसशी बोलल्यासारखा म्हणाला,

"टोना गेल्यावर तू त्या घरात एकटा दिवसभर बसलास तर तूही जाशील, अशी भीती वाटली मला."