दोनशे शहाऐंशी पत्ते

मित्रांनो, बारा वर्षं म्हणजे तुमच्यातलं शाळकरी वय. आम्हा प्रिंटरांमध्ये मात्र बारा वर्षांचा म्हणजे पिकलं पान. माझं झाकण नीट लागत नाही, आतलं एक चाक कुरकुरतं, आणि जपानातल्या एका छोट्या गावात, त्सुनेओ कुसुमोतो यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी अजून बसून आहे.

दुकान तातामीचं. तातामी म्हणजे घरभर जमिनीवर बसवायच्या जाड गवती चटया. मालक त्या शिवतात. केसाएवढी फट राहिली तरी उसवून पुन्हा शिवतात. संगणकाला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. ते खातं त्यांच्या बायकोचं, फुमिएबाईंचं.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवते ती बाईंची यादी. एका तक्त्यात दोनशे शहाऐंशी नावं आणि पत्ते. पत्र एकदाच लिहायचं, मग यादीतलं एकेक नाव त्यावर आपापल्या जागी येऊन बसायचं, पंगतीत माणसं बसतात तसं. उन्हाळ्यात ‘चटया उलटून घ्यायची वेळ झाली’ अशी पत्रं, वर्षभर पार्सलांवरची लेबलं, आणि डिसेंबरात नववर्षाच्या शुभेच्छा. ज्या घरात कुणी गेलं असेल त्या घरी आमच्याकडे शुभेच्छा पाठवत नाहीत. त्या घरून आधीच शोकपत्र येतं. बाई अशा नावापुढे काळा ठिपका द्यायच्या आणि ते नाव मी सोडून द्यायचो. बारा वर्षांत एकाही दुःखी घरी चुकून आमची शुभेच्छा गेली नाही.

“अहो, शाई संपलीय, येताना आणा,” बाई ओरडायच्या.

“तुझं त्या डब्याशीच लग्न लावून द्यायला हवं होतं,” मालक दुकानातून म्हणायचे.

“डबा निदान सांगितलेलं ऐकतो तरी!”

आणि माझ्या झाकणावर एक थाप पडायची. शाबासकी म्हणून मला मिळाली ती तेवढीच, आणि ती पुरेशी होती.

या ऑक्टोबरात फुमिएबाई गेल्या. मला काय वाटलं? काहीच नाही. नळ्यांतली शाई सुकली आणि अंगावर गवताची धूळ बसली, एवढंच. मालकांचंही तसंच असावं. अंत्यविधी घरच्या घरी उरकला. शेजारी विचारायला आले की ते “हं” म्हणायचे आणि चटई शिवायला बसायचे. बायको गेली, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. सांगायचं काम त्यांची मुलगी आयानो करायची.

नोव्हेंबर संपताना आयानो ओसाकाहून दोन दिवसांची रजा काढून आली.

“बाबा, डिसेंबर लागायच्या आत आपली शोकपत्रं जायला हवीत. नाहीतर एक जानेवारीला सकाळी दारात पावणेतीनशे शुभेच्छापत्रं येऊन पडतील. सोसवेल तुम्हाला?”

“हं.”

तिने माझ्या नळ्या साफ केल्या. आईची जुनी फाइल उघडून शुभेच्छांच्या जागी शोकाचा मजकूर घातला. मी दोनशे शहाऐंशी पोस्टकार्डं दोन्ही बाजूंनी छापली. मालक गठ्ठे बांधायला आले, एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

“नाव,” ते म्हणाले.

“कुणाचं?”

त्यांनी बोट ठेवलं. पत्त्याच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्यांची नावं: कुसुमोतो त्सुनेओ, आणि शेजारी फुमिए. बारा वर्षं तिथे दोघांची नावं होती. आयानोने मजकूर बदलला, कोपरा तसाच राहिला.

“अगं आई गं! म्हणजे आईच सगळ्यांना कळवतेय की ती गेली!”

खराब झालेली कार्डं पोस्टात देऊन नवी कोरी बदलून मिळतात. मालक गठ्ठे घेऊन निघाले. तासाभराने परतले तेव्हा आयानोने कोपरा दुरुस्त करून ठेवला होता. मी पुन्हा छापायला लागलो. दोनशे पंच्याऐंशी झाली आणि माझा लाल दिवा लागला.

“बाबा, एक कार्ड कमी आहे.”

मालकांनी कोटाच्या खिशातून एक कार्ड काढलं. जुनं, दोघांच्या नावांचं.

“हे दिलं नाही.”

“अहो पण बाबा…”

“नाही दिलं म्हणतोय ना.”

तिने यादी पाहिली. यादीतलं शेवटचं नाव उरलं होतं: उमेनो आजी. लग्नाआधी फुमिएबाईंना शिवण शिकवलेल्या, आता नव्वदीच्या.

“मी एक कार्ड विकत आणते.”

“नको. फोन लाव.”

फोन माझ्या शेजारीच आहे, त्यामुळे पलीकडचा आवाजही मला ऐकू आला.

“त्सुनेओ! काय रे, बरा आहेस ना? फुमिएला दे जरा.”

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मावशी, फुमिए गेली.”

“आं? मला ऐकू येत नाही रे. मोठ्याने बोल.”

“फुमिए गेली, मावशी!”

“अरे, कुठे गेली?”

“मेली!” मालक ओरडले. “ऑक्टोबरात! मेली ती, मावशी! माझी फुमिए मेली!”

मग म्हातारीने हळूच विचारलं, “जेवलास का रे तू?”

तेव्हा मालक टेबलावर डोकं ठेवून रडले. आयानोचा हात त्यांच्या पाठीवर होता.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, वेळेवर शाई घाला, हे मी सांगणारच. पण आणखी एक मागतो. दोनशे पंच्याऐंशी घरी मी तीच बातमी पोहोचवली, आणि छापताना मला काही झालं नाही. म्हणून सगळंच माझ्यावर सोपवू नका. यादीतलं एखादं नाव तरी स्वतःसाठी ठेवा आणि त्या माणसाला तुमच्या तोंडाने सांगा.