डावऱ्यांचा हात

आमच्या दार शाबान गावात दगडावरचे घाव वाचणारी माणसं अजून आहेत. फार नाहीत, सात-आठ असतील, आणि त्यातल्या दोघांना आता दिसत नाही, ते अंगठ्याने वाचतात. टाकी दगडात शिरते तिथे घाव खोल असतो, बाहेर पडते तिथे बारीक शेपटी सुटते. उजव्या हाताने हातोडा मारणाऱ्याचे घाव एका अंगाला कलतात, डावऱ्याचे दुसऱ्या. माझे आजोबा तायेब डावरे होते, बाबा मोंजीही डावरेच, म्हणून गाव आमच्या घराला डावऱ्यांचं घर म्हणतं. नाबुलपासून ट्युनिसपर्यंत कुठल्याही जुन्या दारापुढे उभं राहा, घाव डाव्या अंगाला कलले असतील तर ती चौकट आमची.

मी वसीला. मी उजवी निपजले. आणि गेली अठरा वर्षं डावऱ्यांच्या नावावर जे जे खरोखर हाताने घडवून विकलं गेलं, ते सगळं मी घडवलं आहे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य कोणी कधी तोंडातून काढलं नाही.

झालं असं, की आजोबांच्या हातात टाकी आणि लाकडी मोगरी होती. बाबांनी पंचविसाव्या वर्षी हवेवर चालणारा हातोडा आणला. आजोबा म्हणाले, ''हा हातोडा आहे की गाढवाचं ओरडणं?'' आणि अख्खा रमजान त्यांनी बाबांच्या ताटात हात घातला नाही. पण हातोड्याने आठ दिवसांचं काम दोन दिवसांत व्हायला लागलं आणि आजोबा गप्प बसले. तीस वर्षं तो हातोडा बाबांच्या मुठीत थरथरत होता. मग एका थंडीत बाबांची बोटं पांढरी पडली. नंतर त्यांना सदऱ्याची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, आतल्या नसा गेल्या, आता परत यायच्या नाहीत.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. लुत्फी, माझा धाकटा भाऊ, शाळेत जायचा. बाबांनी मला मागच्या खोलीत नेलं, दाराला पडदा लावला आणि म्हणाले, ''पोरी, तुला आपला हात शिकवतो. पण बाहेर बोलायचं नाही. बाईने घडवलेली चौकट दाराला कोण लावील?''

उजव्या हाताने डावे घाव कसे घालायचे? बाबांनीच युक्ती काढली. दगड आडवा निजवायचा, त्याचा माथा डाव्या हाताला ठेवायचा आणि नेहमीसारखं तासायचं. दगड परत उभा केला की घाव डाव्या अंगाला कललेले आणि शेपट्या खाली. वर्षभर ते माझ्या शेजारी बसून होते. चुकलं की म्हणायचे, ''भाकरी थापतेस का?'' जमलं की काहीच म्हणायचे नाहीत. बाहेर गिऱ्हाईक आलं की तेच पडदा सारून पुढे जायचे, अंगावर मुद्दाम दोन चिमटी दगडाची भुकटी टाकून. मला कोणी पाहिलंच तर सांगायचे, ही दगडांवरची धूळ धुते. सरकारी कागदावरही माझं काम तेच लिहिलेलं आहे. सफाई.

मग लुत्फी मोठा झाला आणि त्याने इटलीहून यंत्र आणलं. नमुना दाखवला की यंत्र त्याचा कण न् कण मोजतं आणि पाण्याच्या धारेखाली तसाच्या तसा दगड कापतं. यंत्रावर माझा राग नाही. माझे खांदे गेले आहेत, मला यंत्र हवंच होतं. भर दुपारी मणामणाचे दगड आडवे-उभे करून पाहा म्हणजे कळेल. आणि यंत्राने कधी म्हटलं नाही, की हे मोंजीने हाताने केलं. ते लुत्फी म्हणायचा.

गेल्या वसंतात आमच्या गल्लीतल्या दर्ग्याची चौकट बदलायचं ठरलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ती खाल्ली होती. चौकट आजोबांची. पायथ्याशी त्यांनी कोरलं होतं, 'तायेब, सालहचा मुलगा'. दर्ग्याच्या समितीने काम आमच्याकडेच दिलं आणि अट घातली: हातकाम पाहिजे, आणि घडवणाऱ्याने जुन्या रिवाजाप्रमाणे पायथ्याशी आपलं नाव घालायचं.

त्या संध्याकाळी मी बाबांना अंगणात गाठलं. नारिंगीच्या फुलांचं पाणी काढायचे दिवस होते, आई भांड्यापाशी बसली होती.

''बाबा, ही चौकट मी करते. सगळी हाताने. पण नाव माझं घालायचं.''

बाबांनी ओंजळीतली फुलं चाळली. ''बघू,'' म्हणाले.

''बघू नाही. अठरा वर्षं बघितलं.''

''बघू म्हटलं ना पोरी.''

मला वाटलं, बघू म्हणजे 'हो'च. मूर्ख मी. खालचे दोन दगड मी तीन आठवडे खपून केले. वेल, डाळिंब, नक्षीमागचे बारीक घाव, सगळं आजोबांच्या चौकटीवरून. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी चार दिवस तिच्याबरोबर नाबुलच्या दवाखान्यात राहिले. परत आले तर कारखान्यात चौकट उभी. चौदाच्या चौदा दगड, खालच्या दोन्हींसकट नवे. माझे दोन दगड मागे कोपऱ्यात, त्यांच्यावर पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला.

''समिती घाई करत होती,'' लुत्फी म्हणाला. ''नमुन्याच्या दगडावरून बाबांचे घाव यंत्राला दिले. बघ, ओळखू येतंय?''

''कुठला नमुना?''

''दर्शनी खोलीतला. बाबांचा.''

तो दगड बाबांचा नव्हता. माझाच होता, पहिल्या वर्षातला. आणि त्या दगडाची भानगड मला ठाऊक होती. त्या दिवशी मागच्या खोलीत भिंतीला एक खांब टेकवलेला होता, जागा नव्हती, म्हणून मी दगड उलट्या बाजूने निजवला होता. माथा उजव्या हाताला. घाव डावीकडेच कलले, पण शेपट्या गेल्या वर. बाबांनी तेव्हा पाहून कपाळावर हात मारला होता आणि तो दगड विकायला न काढता शोभेला ठेवला होता. गिऱ्हाइकांना काय कळतंय, म्हणाले होते. आता यंत्राने ती चूक चौदा दगडांवर, हजारो घावांत, एकही न सोडता उतरवली होती.

मी लुत्फीला सांगितलं. तो हसला. ''शेपट्या कोण बघतंय? तू पण ना वसीला.''

''बाबा, तुम्ही तरी सांगा याला.''

बाबा चौकटीकडे बघत होते. त्यांना दिसलं होतं, पहिल्याच नजरेत दिसलं असणार. ''झालं ते झालं,'' म्हणाले. ''गुरुवारी माणसं येतायत. झाडून घे जरा.''

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर दोघं आले. समितीचे अध्यक्ष शाझली मास्तर, आणि ख्मायसकाका. ख्मायसकाका म्हणजे पलीकडच्या गल्लीतले दगड घडवणारे. बाबांचं आणि त्यांचं चाळीस वर्षं पटत नाही, कारण विचाराल तर दोघंही वेगवेगळं सांगतात. मास्तरांनी चौकट पाहिली आणि कौतुकाने माशाल्ला म्हटलं. ख्मायसकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि अंगठा फिरवला. एका दगडावर. मग दुसऱ्यावर. मग वाकून खालच्यावर.

''मोंजी,'' ते म्हणाले, ''जमिनीवर उताणा झोपून तासलंस का रे?''

''म्हणजे?'' मास्तरांनी विचारलं.

''शेपट्या वर आहेत. उभा माणूस वरून खाली मारतो. हे सगळं खालून वर मारलंय. आणि चौदा दगडांत एक घाव हललेला नाही. माणूस मध्ये शिंकतो तरी, मास्तर.''

लुत्फी पुढे झाला. ''काका, बाबांच्या हाताचं वय झालं आता...''

''तुला नाही विचारलं. मोंजी, हा हात कोणाचा?''

बाबांचे हात कोटाच्या खिशात होते. अठरा वर्षं ते हात चारचौघांत खिशातच असतात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोला. नाव घ्या. दुसरं काही नको. यंत्राचं काय ते मग बघू, पण एकदा म्हणा की घाव वसीलाचे.

''माझाच,'' बाबा म्हणाले. ''म्हातारा झालो, ख्मायस. हात वर जातो.''

''खोटं आहे,'' मी म्हणाले.

सगळे वळले. लुत्फीने डोळे वटारले. मी थांबले नाही. ''यंत्राने कापलंय. यंत्राला दिलेला नमुना माझा. त्यातली चूकही माझी. बाबांनी अठरा वर्षांत टाकी धरलेली नाही.''

''ही धूळ धुते, काका,'' लुत्फी घाईघाईने म्हणाला. ''आई आजारी आहे ना, त्यामुळे जरा...''

''वसीला,'' बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, लहानपणी रस्त्यात हात धरताना असायचा तसा होता. ''आत जा. चहा टाक.''

आणि मी गेले. याचा राग मला बाकी सगळ्याहून जास्त आहे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हातात घट्टे, अख्ख्या गावाची दारं घडवलेली, आणि पाय आपोआप आत वळले. शेगडी पेटवली, भांड्यात पाणी ओतलं, पुदिना तोडला. पुदिना तोडता तोडता तळहातावरच्या घट्ट्यांकडे नजर गेली आणि माझं डोकं फिरलं. शेगडी बंद केली. मागे गेले, पाइप फेकला, माझे दोन दगड हातगाडीवर चढवले आणि गाडी ढकलत पुढे आणली, एक चाक कुरकुरत होतं, कोणी मदतीला आलं नाही.

''हे बघा,'' मी ख्मायसकाकांना म्हणाले.

ते खाली बसले. यावेळी अंगठा बराच वेळ फिरला. डाळिंबाच्या कडेने आत, वेलीखालून, परत. ''शेपट्या खाली,'' ते स्वतःशीच म्हणाले. ''इथे टाकी सटकली होती, मग सावरलीय. सुरेख सावरलीय.'' मग मान वर केली. ''मोंजी, हे तुझ्या मुलीने केलं?''

बाबांनी दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ''दगड माझ्या घरातला आहे. माझ्या घरात घडलेला दगड माझा.''

''मी तुला हात विचारला,'' ख्मायसकाका म्हणाले. ''घर नाही विचारलं.''

मास्तर खाकरले आणि म्हणाले की समितीत विचार करावा लागेल. लुत्फी त्यांच्या मागे मागे रस्त्यापर्यंत गेला, काहीबाही समजावत. ख्मायसकाका जाता जाता माझ्यापाशी थांबले. ''माझ्याकडे जागा आहे. यंत्रही आहे, जड कापायला. मी ओरडतो फार, आधीच सांगतो. सोमवारी येणार असलीस तर ते दोन दगड घेऊन ये.''

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, ''समाधान झालं? घराची अब्रू रस्त्यावर मांडलीस.''

''कोणाच्या घराची? मी तर धूळ धुते.''

''तुला मी शिकवलं.''

''हो. शिकवलंत. मग लपवलंत.''

सोमवारी मी गेले. ख्मायसकाका खरंच ओरडतात. पहिल्याच दिवशी माझ्या टाकीच्या धारेवरून ओरडले, दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग काम सुरू झालं. समितीने काम माझ्याकडे दिलं. मोठे ठोकळे यंत्रावर चौरस करून घेतले, ते मी लपवलं नाही, मास्तरांना स्वतः येऊन बघा म्हटलं. पुढचं सगळं हाताने. आणि एक केलं: दगड निजवले नाहीत. उभे ठेवले, समोर उभी राहिले आणि माझ्या उजव्या हाताला जसे पडतात तसे घाव पडू दिले. मी केलेले ते जुने दोन दगडही नव्याने केले. पहिल्या दिवशी हात अडखळला, अठरा वर्षांची सवय ती. तिसऱ्या दिवशी खांदा दुखायचा थांबला. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण इतक्या वर्षांचं ते दुखणं फुकट होतं हे लक्षात आलं आणि रडण्याऐवजी शिव्या आल्या.

सहाव्या आठवड्यात, शेवटचा दगड चालू असताना, बाबा आले. ख्मायसकाकांच्या उंबऱ्यात त्यांनी चाळीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, तेव्हाही ठेवलं नाही. रस्त्यातच उभे राहिले, हात खिशात. उन्हाने डोळे बारीक झाले होते.

''उजवे घातलेस,'' म्हणाले.

''हो.''

''गाव काय म्हणेल? डावऱ्यांच्या चौकटीवर उजवे घाव.''

मी तासत राहिले. ते घावांकडे बघत होते. मग थोडे पुढे आले, उंबऱ्याला बूट लागेपर्यंत. ''चांगलं झालंय,'' म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ऐकून माझा हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण ते माझ्यासाठी एवढ्या उन्हात आलेले नव्हते, ते पुढच्याच वाक्यात कळलं.

''पायथ्याशी नाव काय घालणार?''

''वसीला.''

''आणि पुढे?''

''पुढे काही नाही.''

''असं कसं? रिवाज आहे. तुझ्या आजोबांनी त्यांच्या बापाचं नाव घातलं होतं.'' त्यांचा आवाज एकदम खाली आला. ''मोंजीची मुलगी. एवढं तरी घालशील.''

मी हातोडा खाली ठेवला, हात पुसले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. खिशाच्या आत त्यांची बोटं हलत होती.

''ते तुम्ही त्या गुरुवारी म्हणायचं होतंत, बाबा,'' मी म्हणाले. ''सगळे ऐकायला होते.''