मनुबाईनं विचारलं

नवऱ्याला औषधांच्या खिडकीकडं पिटाळून मनुबाईनं तपासणीच्या खोलीचं दार लोटलं आणि आतल्या तरण्या सिस्टरला विचारूनच टाकलं.

"बाई, हा आजार शेजारी निजल्यावर लागतो का?"

प्रियदर्शनी सिस्टरनं हातातला कापूस खाली ठेवला. "कुणी सांगितलं असं?"

"कुणी न्हाई. त्यांचं त्यांनीच ठरवलंय. घशाचं आप्रेशन झाल्यापासनं ताट येगळं, तांब्या येगळा. आठ म्हैनं झालं, भाईर सोप्यात निजत्यात. इचारलं की मान फिरवत्यात." मनुबाईचे कान तापले, पण आता मागं कसलं फिरायचं. "म्हंजी... नवरा-बायकोवानी चालतंय का?"

सिस्टर हसली नाही, म्हणून मनुबाईला ती लगेच आवडली.

"कॅन्सर असा लागत नाही, मावशी. सगळं चालतं. त्यांचा श्वास आता गळ्याच्या भोकातनं चालतो, तेवढं दाबायचं नाही. वर पातळ फडकं असू द्या, उशी उंच घ्या. दम लागला तर थांबायचं."

सगळं चालतं. मिरजेपासून कवठे महांकाळपर्यंत एसटीत मनुबाईला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शेजारी बसलेल्या नवऱ्याला सांगावं तर पुढच्याच बाकावर गावातली रंगुबाई. त्याचा, सयाजीचा, आवाज डॉक्टरांनी आजाराबरोबर काढून टाकला होता, आणि आज तोंड असून तिलाही गप्प बसायची पाळी आली होती. पन्नाशीला टेकलेली बाई खिडकीकडं तोंड करून नव्या नवरीसारखी हसत होती.

घरी आल्या आल्या तिनं सोप्यातली वाकळ उचलून आत अंथरली आणि भरदुपारी दाराला कडी घातली. मग सिस्टरचा शब्दन् शब्द सांगितला. पलटणीत हवालदारी केलेला गडी, ऐकता ऐकता मटकन खाली बसला. पण लगेच त्यानं हातानं गळा झाकला आणि स्वतःचंच नाक मुरडून दाखवलं.

"मला किळस येती असं मी कवा म्हणलं?" मनुबाईला रागही आला आणि रडूही. "दवाखान्यात ते रोज पुसलं कुणी? आवं, मला तुमी पायजेल."

गळ्यावरचा हात हळूहळू खाली आला.

ती शेजारी टेकली. फडक्यातून येणारा त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागला, चांगला ऊन होता. चारचौघांत सयाजीनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. नाव घ्यायचा तो अशाच वेळी, कानाशी. आता तो कानाशी गेला नाही. तिला दिसेल असं तोंड समोर धरून त्यानं ओठ हलवले. आवाज आला नाही.

"ओ," मनुबाई म्हणाली.