धारहून सुटलेली गाडी

अंबरीशनं ती आगगाडी स्वतःसाठी मागवली नव्हती. कल्पनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे आजतागायत पटलेलं नाही, पण खरं तेच आहे. पीथमपूरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली अर्पित म्हणून एक इंजिनियर होता, त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला द्यायची होती. शनिवारी पार्सल आलं. नीट चालते का एवढंच बघू, असं म्हणून यानं खोकं उघडलं, पुढच्या खोलीत रूळ जोडले आणि पालथा पडून, गाल फरशीला टेकवून बघत राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, पोट सुटलेलं, शिफ्टच्या बसमधून उतरून आल्यावर बूटसुद्धा काढलेले नाहीत. वाढदिवसाला शेवटी जेवणाचा डबा गेला.

मग काय, गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच. गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडची फळी चढली. घरातल्या भांडी घासायच्या हिरव्या घासण्या गायब होऊ लागल्या, आणि फळीवर त्यांची झाडं उगवू लागली. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘धार’ असं लिहून त्यानं स्टेशन उभं केलं. खऱ्या धारला आगगाडी येणार, येणार, असं तो पाळण्यात असल्यापासून ऐकत होता. तेव्हा गावातलं पहिलं स्टेशन आपल्या गच्चीवर झालं, असं तो येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

हिवाळ्याच्या दुपारी त्या खोलीत ऊन तिरपं यायचं. इंजिन त्या उन्हातून निघायचं, घासण्यांच्या जंगलाला वळसा घालायचं आणि फळीच्या टोकाशी केलेल्या बोगद्याच्या तोंडाशी यायचं. तिथे अंबरीश बटण बंद करायचा. दर खेपेला. बोगद्यामागे खोलीची भिंत होती, आणि भिंतीमागे, त्याच्या मते, देवास होतं.

“अहो, आत जाऊ द्या की तिला,” कल्पना एकदा चहा घेऊन वर आली तेव्हा म्हणाली. “इतक्या मेहनतीनं बोगदा केलात.”

“लाइन क्लिअर नाही.”

“कुणी द्यायची ती?”

“मधुताईनं. देवासहून.”

कल्पनाला वाटलं, चेष्टा आहे. मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती स्टुलावर बसली. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा.

अंबरीशचे काका, ज्यांना सगळं घर भाऊ म्हणे, देवास स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. रेल्वेचा माणूस, पण धारला भावाकडे यायचं तर बसनं यावं लागे, याचा त्यांना भारी राग. एका दिवाळीत त्यांनी रतलामहून चावीच्या दोन आगगाड्या आणल्या. एक अंबरीशला, एक आपल्या मुलीला, मधुवंतीला. तो अकरा वर्षांचा, ती तेरा. आणि दोघांना समोर बसवून रेल्वेचा पहिला धडा दिला: दोन स्टेशनांमधल्या लाइनीवर एका वेळी एकच गाडी. ती पलीकडे पोहोचली असा निरोप, म्हणजे लाइन क्लिअर, आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. मग समोर कलेक्टर उभा असला तरी.

त्या दिवसापासून धार ते देवास रेल्वे सुरू झाली, पोस्टकार्डांवर. अंबरीश गाडीला चावी देई, ती पलंगाखाली शिरली की कार्ड टाकी: ‘गाडी सुटली. डबे तीन. माल बोरं आणि लिमलेटच्या गोळ्या.’ दोन-तीन दिवसांनी देवासहून येई: ‘गाडी पोहोचली. बोरं किडकी निघाली.’ मग देवासहून गाडी सुटे. मधल्या दिवसांत गाडी कुठे आहे, याचा विचार करत तो शाळेत बसून राही. लाइन सरळ नव्हतीच. दोघांनी ती मनाला येईल तशी नेली होती. भाऊंना नर्मदेचं स्नान घडावं म्हणून ती नेमावरला घाटापर्यंत उतरे, मग ज्वारीतून वर टोंकखुर्दला जाई आणि तिथून मागे वळून देवासला येई. नकाशात बघितलं तर वेडेपणा. पण रात्री अंथरुणात पडलं की ती गाडी खरोखर ज्वारीतून चाललेली त्याला दिसायची, खिडक्यांत दिवे लागलेले असायचे.

पुढच्या माघात भाऊ एकटेच धारला आले, दोन दिवस राहिले आणि सकाळच्या बसनं परत निघाले. अंबरीशनं त्यांना निरोप दिला, घरी येऊन आपल्या गाडीला चावी दिली आणि कार्ड लिहिलं: ‘गाडी सुटली. माल काही नाही. प्रवासी एक, भाऊ.’ शाळेच्या वाटेवर ते पेटीत टाकलं. घाटाबिल्लोदच्या अलीकडे, बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसल्या जागी भाऊ गेले होते. तो कार्ड टाकत होता त्याच सुमाराला.

देवासहून पोहोच आली नाही. कशी येणार? घरातली मोठी माणसं सुतकात, धावपळीत. कुणाला त्या कार्डाची खबरही नव्हती. पण अंबरीशला होती. आपलं ते कार्ड मधुताईच्या हातात पडलं असेल, रडारडीच्या घरात, या विचारानं तो महिनाभर नीट जेवला नाही. चावीची गाडी पुढे भंगारात गेली. मधुताई लग्नाकार्यात भेटे, देवासला गणित शिकवू लागली, याच्या लग्नात तिनं करवलीचा मान घेऊन सगळ्यांना हसवलं. या एका गोष्टीवर मात्र दोघांनी कधी तोंड उघडलं नाही. सदतीस वर्षं झाली.

“म्हणजे ती गाडी अजून लाइनीवरच आहे,” कल्पना म्हणाली.

“हो.”

“मग जाऊन विचारा. इथं बसून काय होणार आहे?”

रविवारी तो देवासला गेला. मधुताई टेकडीच्या पायथ्याशी राहते. दारात उन्हात खुर्ची टाकून ती वह्या तपासत होती. त्याला बघताच ओरडली, “अरे भिया! फोन नाही, काही नाही. सब ठीक ना?” पोहे झाले, वर शेव झाली, चहा झाला. शेवटी त्यानं मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरला. फळी, स्टेशन, बोगदा.

तिनं चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. “चालते?”

“बोगद्यापर्यंत. पुढे लाइन क्लिअर नाही.”

तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. तेव्हा याचा बांध फुटला. “मधुताई, मला माफ कर. मला माहीत नव्हतं गं. मी भाऊकाकांना गाडीत बसवलं आणि तुला कळवलं. तू किती चिडली असशील. तू पोहोच लिहिली नाहीस, बरोबरच केलंस, पण मी आजही...”

“चिडले?” ती म्हणाली. “पागल झालास काय रे तू?”

तिनं मांडीवरच्या वह्या बाजूला ठेवल्या. “अंबू, ऐक. तिसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं. घर भरलेलं होतं. जो येई तो एकच सांगून राहिला होता, भाऊ गेले, भाऊ गेले. आई सांगे, काका सांगे, शेजारचे सांगत. अख्ख्या दुनियेत एकट्या तुझ्या कार्डात लिहिलेलं होतं की भाऊ निघालेत. मी ते फ्रॉकच्या आत लपवलं. पोहोच लिहायला बसले होते मी, दोनदा. पण भाऊ पोहोचले असं मी कसं लिहू, ते पोहोचले नव्हते. मग ध्यानात आलं, जोपर्यंत मी लिहीत नाही तोपर्यंत ते वाटेत आहेत. नेमावरला उतरले असतील, डुबकी मारत असतील. तुला ठाऊक आहे ना त्यांना किती वेळ लागायचा आंघोळीला.” ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मला तेव्हा त्याचाच आधार होता रे. आजही आहे. ती पोहोच माझ्याकडे मागू नकोस.”

अंबरीशच्या छातीवरचं सदतीस वर्षांचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी त्याला आपली गच्चीवरची गाडी आठवली. लहान मुलासारखं त्याच्या तोंडून निघून गेलं, “मग माझी गाडी?”

“नियम काय आहे?”

“एका लाइनीवर एकच गाडी.”

“तर मग दुसरी लाइन टाक,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “एक भाऊंची, एक आपली. त्यांच्या लाइनीवर कुणाला सोडायचं नाही. इंजिन मी पण पैदा करते कुठून तरी, डबे खडूच्या खोक्यांचे करीन. आणि फोन नाही करायचा, सांगून ठेवते. कार्ड.”

अंबरीशनं दुसरी लाइन टाकली, पहिलीला अगदी लागून. बोगदा फोडून रुंद केला. तीन आठवड्यांनी त्यानं इंजिन सोडलं तेव्हा ते बोगद्यात शिरलं, भिंतीला जाऊन टेकलं, आणि तो इतका हसला की कल्पना खालून धावत आली. त्याच दिवशी पोस्टातून कार्ड आणून त्यानं लिहिलं: ‘गाडी सुटली. माल बोरं.’ चार दिवसांनी उत्तर आलं: ‘पोहोचली. बोरं अजून किडकीच.’

मग देवासची पाळी होती. पुढच्या आठवड्यात मधुताईचं कार्ड आलं. अंबरीशनं ते फाटकातच उभ्यानं वाचलं.

‘गाडी सुटली. माल काही नाही. प्रवासी एक, मी. जागा उजव्या खिडकीची.’

देवासहून निघालं की उजव्या हाताला भाऊंची लाइन होती. त्यानं ती स्वतःच तशी ठेवली होती. त्यानं कार्ड दोनदा वाचलं, मग वर जाऊन खोलीत उन्हात बसून राहिला. त्या दिवशी त्यानं पोहोच लिहिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला.

“अहो, ताईंची गाडी आली की नाही?” कल्पनानं विचारलं. “कार्ड टाकायचं राहिलं तुमचं. वाट बघत असतील त्या.”

“घाई नाही तिला,” अंबरीश म्हणाला. “शेजारच्या लाइनीवर समोरून गाडी आली आहे. दोन्ही थांबल्यात.”