गेटवरची फॅमिली

आमचा टेम्पो सोसायटीच्या गेटवर अडवला तेव्हा माझं डोकंच सटकलं. घरमालकाशी करार झालेला, चावी माझ्या पर्समध्ये. जुनी खोली सकाळीच खाली करून दिलेली, म्हणजे परत जायलाही जागा नाही. आणि बोरीवलीच्या भर उन्हात चेअरमन नंदकुमार हात आडवा घालून उभे.

"मॅडम, आपल्याकडे फक्त फॅमिलीला देतात."

"मग आम्ही कोण आहोत?" मी टेम्पोत बसलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"मिस्टर कुठायत?"

"घटस्फोट झालाय. ह्या त्यांच्या आई. माझ्याकडे असतात."

"तेच म्हणतो मी. ही फॅमिली कशी होणार?"

फॅमिली! या शब्दाने माझा कायम पिच्छा पुरवलाय. लग्न झाल्या झाल्या सुबोध मित्रांना सांगायचा, 'ही आमची फॅमिली,' म्हणजे मी एकटी बाई. हॉटेलात गेलं की वेटर वर पिटाळायचा, वर फॅमिली रूम, म्हणजे बायकांनी खाली बसायचं नाही. आणि सुबोधने दुसरा संसार थाटला तेव्हा मोठे दीर म्हणाले, 'हा फॅमिली मॅटर आहे,' म्हणजे तू गप बस. त्या दिवशी घरात एकच माणूस गप बसलं नाही, ते म्हणजे विमला, माझ्या सासूबाई. मुलाला तोंडावर सुनावलं, पिशवीत चार लुगडी कोंबली आणि माझ्या मागोमाग निघाल्या. तेव्हापासून मी त्यांना सोडलं नाही, त्यांनी मला.

नंदकुमारांनी आवाज खाली आणला. "एक काम करा. मिस्टरांना एकदा आणून उभं करा. कमिटीला दाखवण्यापुरतं. मग राहा खुशाल."

"मेले तरी आणणार नाही!"

तेवढ्यात आई खाली उतरल्या. टेम्पोवाल्याकडून प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली आणि बरोब्बर गेटच्या मधोमध मांडून बसल्या. मागे एक गाडी हॉर्न मारायला लागली.

"दर्शना, सुबोधाक फोन लाव. स्पीकरवर."

"आई, कशाला त्याचं तोंड..."

"लाव म्हणतंय ना!"

लावला. त्याने उचलला. मागे गाणी, पोरांचा दंगा.

"सुबोधा, माका रवाक जागा नाय रे. येव काय तुझ्याकडे?"

"आई, आत्ता नको ना. फॅमिलीबरोबर बाहेर आलोय. नंतर करतो." फोन कट.

वॉचमनपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. आईंची मान खाली गेली. मला इतका संताप आला की रडूच फुटणार होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी घट्ट धरला आणि मान वर केली.

"ऐकलात? त्याच्या फॅमिलीत मी नाय. मगे मी खयच्या फॅमिलीत, ता तुम्ही सांगा."

नंदकुमार इकडे तिकडे बघायला लागले. मग वॉचमनवरच खेकसले, "बघतोस काय? सोड टेम्पो आत."

टेम्पो सुरू झाला. आई जागच्या हलल्या नाहीत.

"अहो मावशी, सोडलं ना? उठा आता."

"आधी तोंडान म्हणा, ही फॅमिली असा म्हणान. मगे उठतलंय."

मागचा हॉर्न चालूच होता. मी टेम्पोतून दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांना चिकटून बसले.