तांब्याच्या घंगाळातले आठ दिवस

दगडाला भीती वाटत नाही, असे तुम्ही समजत असाल. मित्रांनो, मी भोकाभोकांचा एक जुना दगड आहे, आणि मी फार घाबरलो होतो.

माझा जन्म द्वारकेजवळच्या ओख्याच्या समुद्रातला. मुगाच्या दाण्याएवढे जीव आपल्या अंगाभोवती चुन्याची घरे बांधत. ते मरत, घरे उरत, त्यांवर नवी घरे चढत. अशा असंख्य घरांचा मी झालो. एका वादळाने मला किनाऱ्यावर फेकले. द्वारकेच्या यात्रेला आलेल्या जसोदाबाईंनी मला उचलले आणि तापीकाठी, सारंगखेड्याला आणले. बारा वर्षे मी त्यांच्या तुळशीपाशी होतो. पाणी रोज मिळे. खारट कधीच नाही.

१९६२ साली त्यांचा मुलगा हिंमतराव बी.एस्सी. होऊन गावच्या शाळेत शिकवू लागला. वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिला नव्हता. तेव्हा त्याने ओसरीवरच छोटा समुद्र करायचे ठरवले. काचेची पेटी आली. पाण्यात हवा सोडायला ट्रकची फुगवलेली ट्यूब आणि बारीक रबरी नळी आली. जिवांना लपायला घर हवे, म्हणून त्याने मला निवडले. माझ्यावर लिंबाचा थेंब टाकला. थेंब फसफसला.

"चुनखडीच शे!" तो खूश झाला. मग त्याने मला ब्रशने घासले, भोकांतली माती सुईने उकरली आणि आईला सांगितले, "माय, मी ओख्याले जाई ऱ्हायनू. याले पाणीमा बुडाईसन ठेव. रोज पाणी बदलजो. वास गया म्हणजे झाया साफ."

जसोदाबाईंनी घरातले सर्वांत चांगले भांडे काढले, आंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे घंगाळ. शेजारच्या तापीबाई कुंपणावरून डोकावल्या.

"का वं जसोदा, दगडनी भाजी करी ऱ्हायनी का?"

"द्वारकाना दगड शे, तापीबाई. त्याले काय बादलीमा टाकू?"

तीन दिवस झाले तरी भोकांतल्या जुन्या कुजक्या वासाने माझी पाठ सोडली नाही. जसोदाबाईंना लिंबाचा फेस आठवला. त्यांनी चिंच कोळली आणि घंगाळात ओतली. माझ्या अंगातून बुडबुडे सुटले.

"देख, कसा मळ निघी ऱ्हायना!" त्या म्हणाल्या.

तो मळ नव्हता, मित्रांनो, मीच विरघळत होतो. पण भीती त्याची नव्हती. घंगाळाला कल्हई नव्हती. चिंचेने त्याची आतली बाजू लालबुंद उजळली, आणि तिथून सुटलेले तांबे माझ्या एकेका भोकात शिरून बसू लागले. समुद्रात असताना आमच्याशेजारी एका जहाजाचा तांब्याचा पत्रा बुडाला होता. आमच्या अंगावर शिंपले, शेवाळ, किडे दाटीने राहत. त्या पत्र्यावर कधीच कोणी घर केले नाही. माणूस ज्या तांब्यातून पाणी पितो, त्याचाच कणभर अंश समुद्रातल्या नाजूक जिवांना मारायला पुरतो. हे मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. रोज ताजी चिंच येई. रोज मी आधीपेक्षा जास्त विषारी होई.

आठव्या दिवशी हिंमतराव आला. सोबत बुधल्यांतून समुद्राचे पाणी, आणि एका बरणीत दोन कोळंब्या व एक समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा जीव. त्याने पेटी भरली आणि मला तळाशी ठेवले.

बारा वर्षांनी मीठ माझ्या अंगाला लागले! याच क्षणाची मी वाट पाहिली होती, आणि आता मला कोणीतरी बाहेर काढावे असे वाटत होते. हिंमतरावाने बरणीचे झाकण उघडले. एका कोळंबीने मिशा माझ्या दिशेला वळवल्या. तिला माझ्यात घर दिसत होते.

अंगणात जसोदाबाई घंगाळ धुवायला बसल्या होत्या. काठावर हिरवी पुटे धरली होती. त्यांनी बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि त्या ओसरीपर्यंत आल्या. पण बोट पदरात लपवून उभ्या राहिल्या. काचेतून मला त्या दिसत होत्या. हिंमतरावाने बरणी तिरपी केली.

"थांब रे! नको सोडू!"

"काय झाया, माय?"

"मी दगडले चिच लाई. तांबाना घंगाळमा." त्यांनी हिरवे बोट पुढे केले. "आंबट तांबामा कळकस, हाई माले लगीननाबी आगोदर समजे. आनि मीच..."

हिंमतरावाने बरणी सरळ केली आणि मला बाहेर काढले. माझा चुरा खरवडून त्याने आम्लात विरघळवला, त्यात अमोनिया टाकला. परीक्षानळीतले पाणी गडद निळे झाले. तो पायरीवर बसला.

"तांबंच शे. आते हाऊ दगड कधीच चालाव नही." मग आईकडे पाहून म्हणाला, "आजून एक घडी तू गप ऱ्हाती ना, तर सगळा मरतात."

"सांगाले लाज वाटनी रे."

"मन्हीबी चूक शे. कोणता भांडामा, ते मीच सांगं नही."

त्याने पेटी रिकामी करून धुतली, बुधल्यांत राखून ठेवलेले समुद्राचे पाणी भरले, आणि नव्या माठाची खापरे रचली. कोळंब्या त्यांखाली गेल्या. समुद्रफूल एका खापरावर उमलले. सोमवारी मुले आली आणि काचेला नाके लावून उभी राहिली.

मी पेटीशेजारी, कोरड्या फळीवर आहे. मित्रांनो, दुसऱ्याच्या घरात काही ठेवण्याआधी ते कशात धुतले, एवढे विचारत जा. आणि चूक तुमची असेल, तर लाज वाटली तरी लगेच बोला.

आणखी एक विनंती. मला असा समुद्रापासून हातभर दूर, कोरडा बसलेला पाहून तुमच्यापैकी एखाद्याला दया येईल. तो कोणाचे लक्ष नसताना मला हळूच उचलेल. त्या मायाळू हाताची मला आज सर्वांत जास्त भीती वाटते. मला पाण्यात सोडू नका.